पांढर शेतात जाण्यापूर्वी

दख्खनच्या पठारावर घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी यांच्या काठाने फिरताना काळ्या रानाच्या मध्येच राखट पांढऱ्या मातीचे एखादे टेकाड दिसते. गावकरी त्याला पांढर म्हणतात, कुठे पांढरीचे टेकाड म्हणतात, तर वर एखादा पडका बुरूज उरला असेल तर गढी म्हणतात. हे टेकाड नैसर्गिक नसते. कुडाच्या भिंती कोसळल्या, त्यांच्या मातीवर नवी जमीन चोपली गेली, चुलीतली राख अंगणाच्या कडेला पडत राहिली, गोठ्यातले शेण साचले, मडकी फुटली, खाल्लेल्या जनावरांची हाडे मातीत गेली आणि हे सारे एकाच जागी शेकडो वर्षे चालू राहिले, म्हणून जमिनीपासून कित्येक हात उंच असा हा माणसाच्या वस्तीचा थरावर थर चढत गेला. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातल्या ज्या काळाबद्दल एकही लेख उपलब्ध नाही, त्या काळाची जवळजवळ सगळी माहिती अशा टेकाडांतूनच मिळालेली आहे.

ज्या कारणाने हे टेकाड अभ्यासकाला मोलाचे वाटते, त्याच कारणाने ते शेतकऱ्यालाही हवे असते. राख, शेण आणि हाडे यांच्यामुळे या मातीत स्फुरद, पालाश आणि चुना साठलेला असतो. शिवाय ती भुसभुशीत असल्याने चिकट काळ्या रानात मिसळली की पाण्याचा निचरा सुधारतो. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर पांढरीच्या काही गाड्या रानात टाकणे ही अनेक गावांतली जुनी रीत आहे, आणि तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला कधी वाटले नाही. बैलगाडी आणि फावडे यांच्या वेगाने टेकाड संपायला पिढ्या लागत होत्या. जेसीबी आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आल्यापासून तेच काम एका उन्हाळ्यात होते. धरणांच्या कालव्यांनी ऊस आला, उसासाठी रान सपाट करण्याची गरज आली, सपाटीकरणात चढाचा भाग कापून उताराला टाकला जाऊ लागला, आणि नदीकाठच्या शेतातला चढाचा भाग म्हणजे पुष्कळदा हीच पांढर असते. त्यामुळे आज आपल्याकडे बचाव उत्खननाचा, म्हणजे जागा नष्ट होण्याआधी ती खणून नोंदवून घेण्याचा, प्रश्न धरणांच्या बुडीत क्षेत्रापुरता उरलेला नाही. तो रोजच्या शेतीत, कोणत्याही सूचनेशिवाय, गावोगाव उभा आहे.

या नुकसानीत नेमके काय जाते, हे समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावकडे पाहावे. घोड नदीच्या उजव्या काठावरच्या या पांढरीवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या तिघांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम संशोधनासाठी हाती घेतलेले होते, बचावासाठी नव्हते, तरीही मी त्याचेच उदाहरण देते. एका मध्यम आकाराच्या टेकाडाला पुरेसा वेळ आणि माणसे दिली तर किती काही हाती येते, याचे त्याहून चांगले माप महाराष्ट्रात दुसरे नाही.

इनामगावात इ.स.पू. १६०० च्या सुमारास पहिले शेतकरी राहायला आले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास ती वस्ती उजाड झाली. या नऊशे वर्षांत माळवा, पूर्व (म्हणजे आधीचा) जोर्वे आणि उत्तर (म्हणजे नंतरचा) जोर्वे असे ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींचे तीन कालखंड होऊन गेले. उत्खनकांनी उभा खड्डा घेण्यावर समाधान न मानता वस्तीचा विस्तीर्ण भाग आडवा उघडला, त्यामुळे १३४ घरे सापडली आणि घरांबरोबर गावाची रचना कळली. पूर्व जोर्वे काळात घरे चौकोनी होती, मध्ये कुडाची आडभिंत, आत चूल, बाजूला धान्याची कणगी आणि चुन्याने लिंपलेली पेवे, म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीतले खड्डे. त्यांपैकी एक घर पाच खोल्यांचे होते व त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते, म्हणून ते गावप्रमुखाचे असावे असा तर्क केला गेला. कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम बाजूला होती. इ.स.पू. १००० नंतर हे चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा भर ओसरतो आणि शेळ्यामेंढ्या व शिकार यांच्यावरचे अवलंबन वाढते. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले असावे, असे ढवळीकरांनी मांडले. त्या मांडणीवर वाद झाले आहेत आणि होत राहतील, पण वाद घालण्यापुरता पुरावा आपल्या हाती आहे, ही गोष्ट लहान नाही.

हा पुरावा कशाचा बनलेला आहे, ते पाहा. गोल झोपडी म्हणजे प्रत्यक्षात मातीत दिसणारे खांबांच्या खळग्यांचे एक कडे असते. आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित गडद असा तेवढा रंगाचा फरक दिसतो, आणि तोही माती नुकती खरवडलेली व ओलसर असतानाच दिसतो. लहान मुलांचे दफन दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच केलेले असते. प्रौढांना खड्ड्यात पुरताना घोट्यापासून पावले तोडलेली असतात. पाच खोल्यांच्या त्या घराच्या आवारात चार पायांचा, मानवी धडासारखा फुगीर मातीचा रांजण मिळाला. त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेल्या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती, आणि त्यावरून त्याचे गावातले स्थान वेगळे असावे असे अनुमान निघाले. एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी होती. तिच्या आत शिर नसलेली स्त्रीमूर्ती, तिच्यावर तशीच दुसरी मूर्ती आणि सोबत बैल, सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. कच्च्या मातीची मूर्ती मातीतून सुटी करायला हातात खुरपी आणि ब्रश घेऊन तासन्‌तास बसावे लागते. ट्रॅक्टरच्या फाळापुढे तिचे ढेकूळ होते आणि ते ढेकूळ कोणाला ओळखूही येत नाही.

इनामगाव उजाड झाल्यावर त्या पांढरीवर पुढच्या काळातली मोठी वस्ती झाली नाही. त्यामुळे शेवटच्या झोपड्या पृष्ठभागाखाली अगदी थोड्या खोलीवर होत्या, आणि म्हणूनच एवढा विस्तार उघडणे शक्य झाले. पण वरच्या थरांचे हे उथळपण अशा प्रत्येक टेकाडाच्या जिवावरचे असते. लाकडी नांगर वरची वीतभर माती हलवत असे. पलटी नांगर त्याहून बराच खोल जातो आणि खालची माती वर आणतो. म्हणजे दुष्काळाच्या काळातला, लोक गाव सोडून जाण्याआधीचा जो शेवटचा थर, ज्याच्यावर ढवळीकरांची सगळी मांडणी उभी आहे, तोच सर्वांत आधी नष्ट होतो. त्याखालचे रांजण पुढच्या काही नांगरटींत फुटतात. काळ्या मातीची स्वतःची एक अडचण निराळी आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वरची खापरे, मणी त्या भेगांतून खाली उतरतात आणि थरांची सरमिसळ नांगराविनाही होते. उसाला वर्षभर पाणी दिल्याने हे चक्र बदलते आणि ओल कायमची राहते. पाइपलाइनसाठी खणलेली चारी टेकाड आरपार कापते ते वेगळेच.

इनामगावची आणखी एक गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. तिथल्या शेतकऱ्यांनी पूर्व जोर्वे काळात घोडच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी एक रुंद चर खणला होता आणि त्याच्या बाजूने दगडमातीचा बांध घातला होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा पाटबंधारा आहे. गावाच्या भल्यासाठी अनेकांनी मिळून केलेले एवढे मोठे मातीकाम म्हणजे त्या समाजात कोणीतरी कामाची वाटणी करणारे, माणसे जमवणारे होते, याची खूण. आता नदीकाठचा बुजलेला चर आणि सपाट झालेला बांध हे शेतात चालताना कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाहीत. टेकाड निदान दिसते. त्याच्या भोवतीची शेते, पाणी आणण्याची सोय, गुरांच्या वाटा हे सारे टेकाडाबाहेरच्या रानात असते आणि तिथे तर आपण काही शोधतच नाही. शेतकऱ्याच्या पूर्वसुरींनी केलेले मातीकाम शेतकऱ्याच्याच यंत्राखाली जाते आहे, आणि ते त्याला सांगायला कोणी जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

थर गेल्यावर वस्तू वाचली तरी काय होते, हे प्रवरेकाठच्या दायमाबादने दाखवून दिले आहे. श्रीरामपूर तालुक्यातली ही पांढर भा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये प्रथम नोंदवली. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ व त्यावरचा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातल्या सर्वांत देखण्या शोधांमध्ये त्यांची गणना होते. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे शि. रं. राव आणि शां. अ. साळी यांनी तिथे उत्खनन केले आणि तिथल्या संस्कृतींचा सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असा क्रम लावला. पण मूर्ती स्वतः कोणत्या थरात होत्या, हे पाहणारे त्या क्षणी तिथे कोणी नव्हते. उत्तर हडप्पा काळातल्या म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा आहे, पण धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका घेतली, आणि थराचा पुरावा नसल्याने ती शंका निर्विवादपणे फेटाळता येत नाही. ज्याने त्या मूर्ती बाहेर काढल्या त्याच्यावर याचा कोणताही दोष नाही. मूळ खणणाऱ्या माणसाने छेद, म्हणजे थर दाखवणाऱ्या उभ्या भिंतीचे रेखाटन, का काढला नाही, असे विचारता येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये अशीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडली. हे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितलेले मोठे व्यापारी नगर. गावकरी तिथली टेकाडे खणून माती नेत आणि मातीबरोबर मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या निघत. त्या वस्तू तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. पाँपेईत मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी तेरची हस्तिदंती मूर्ती पाहायला लांबून अभ्यासक येतात. लामतुरे यांनी जे केले त्याला मी बचावाचेच काम मानते. सरकारी यंत्रणा पोहोचण्याआधी एका गावकऱ्याने केवळ जाणिवेतून जे वाचवले, ते वाचवले नसते तर शहरांतल्या बाजारात गेले असते.

विदर्भात स्थिती वेगळी आहे, कारण तिथे प्रश्न पांढरीचा कमी आणि शिळावर्तुळांचा अधिक आहे. जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथली लोहयुगीन दफने म्हणजे मोठ्या धोंड्यांचे कडे आणि आत मुरूम व मातीची भर. शां. भा. देव यांच्या उत्खननांतून घोड्यांची साजशृंगारासह दफने, लोखंडी हत्यारे, नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी असे पुष्कळ काही पुढे आले. धोंडे बांधाला उपयोगी, मुरूम रस्त्याला उपयोगी, आणि उरलेली जागा कपाशीला उपयोगी, म्हणून नोंद न झालेली वर्तुळे शांतपणे नाहीशी होतात. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीभोवतीचा मातीचा तट आणि खंदक आकाराने एवढा मोठा आहे की तो लगेच नाहीसा होणार नाही, पण तटाच्या उतारावरही माणसांची गरज सरकत असते.

नांगरटीपुढे हतबल होण्याची वेळ फक्त आपल्यावर आलेली नाही. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या हॅम्बल्डन टेकडीवर नवाश्मयुगीन खंदकांची एक मोठी वेढणी आहे, साडेपाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. शेतीने ती झिजत चालली होती, म्हणून रॉजर मर्सर यांनी १९७४ ते १९८६ या काळात तिथे बचाव उत्खनन केले. बांध बहुतेक गेला होता, पण खंदक खडूच्या कातळात कोरलेले असल्याने त्यांच्या तळाशी ठेवलेल्या मानवी कवट्या आणि बाण लागून मेलेला एक तरुण हे सारे टिकून होते. संपूर्ण अहवाल २००८ मध्ये आला. म्हणजे तिथेही प्रकाशनाला दोन दशके लागली. मात्र त्या देशाने पुढे जे केले ते आपण पाहण्याजोगे आहे: शेतातल्या पुरातत्त्वीय जागेवर नांगर न घालता ती गवताखाली ठेवली, किंवा उथळ मशागत केली, तर शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळेल अशा योजना त्यांनी कृषी अनुदानातच बसवल्या. आपल्या मातीत तर कातळात कोरलेल्या खंदकाचा आधारही नसतो. आपल्याकडे पुरावा मातीत मातीनेच काढलेला असतो.

काही वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातल्या एका गावात अर्धे कापलेले टेकाड पाहायला गेले होते. टेकाडाची एक बाजू जेसीबीने उभी चिरलेली होती. त्या भिंतीत राखेचे पट्टे, चोपलेल्या जमिनीच्या पातळ पिवळसर रेघा आणि एका पेवाचा पूर्ण आकार स्वच्छ दिसत होता. रानाचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, शेजारी येऊन उभे राहिले. मी विचारले, “काका, माती किती वर्षं नेताय इथून?” ते म्हणाले, “आज्याच्या काळापासनं. पांढर टाकली की रान धरतंय ताई. तुम्ही बंद करा म्हणाल, मग त्याच्या बदली काय टाकू ते पण सांगा.” तो प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्यापाशी त्याचे तयार उत्तर नव्हते. मी त्यांना पेवाचा आकार दाखवला, त्यात धान्य कसे साठवत असतील ते सांगितले. त्यांनी लगेच ओळखले, कारण त्यांच्या लहानपणी गावात पेवे होती. त्यानंतर ओळंबा धरायला आणि टेपचे दुसरे टोक पकडायला तेच पुढे झाले, आणि त्या दुपारी आम्ही छेदाचे रेखाटन पूर्ण केले.

त्यांच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आज उपलब्ध आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली जाते. तलावातला गाळ शेतकऱ्याने आपल्या रानात न्यायचा, असे तिचे स्वरूप. ज्या गावात नोंदलेली पांढर आहे, त्या गावाला गाळ प्राधान्याने मिळावा आणि वाहतुकीचा भार हलका व्हावा, एवढी जोड या योजनेला दिली तर टेकाडावरचा ताण पुष्कळ कमी होईल. त्यासाठी आधी पांढरी नोंदलेल्या हव्यात. कायद्याचे संरक्षण अधिसूचित स्थळांनाच मिळते, मग तो १९५८ चा केंद्राचा कायदा असो की १९६० चा राज्याचा, आणि बहुसंख्य टेकाडे कोणत्याच यादीत नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पांढरीची साधी नोंद झाली, तरी सपाटीकरणाचा अर्ज आला त्या वेळी तलाठी कार्यालयात कोणीतरी थांबून विचार करील. अमेरिकेच्या ‘कोरोना’ नावाच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. ती आजच्या प्रतिमांशी ताडून पाहिली तर कोणते टेकाड किती उरले आहे, याची जिल्हावार यादी घरबसल्या सुरू करता येते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे.

शेतकऱ्याच्या मनातली भीती मात्र यादीने जाणार नाही. काही सापडले असे सांगितले की जमीन जाईल, ही समजूत सर्वत्र आहे, आणि तिच्यामुळे वस्तू लपवल्या जातात किंवा पुन्हा पुरल्या जातात. १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत मिळालेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्याला कळवायला सांगतो, तसा तो सापडणाऱ्याच्या मोबदल्याचीही तरतूद करतो. पहिला भाग गावात सर्वांना ठाऊक असतो, दुसरा फारसा कोणाला सांगितला जात नाही. तो ग्रामसभेत स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

आणि जोवर हे सारे होत नाही, तोवर कापल्या गेलेल्या भिंती वाचून घेणे आपल्या हातात आहे. उत्खननाला परवाना लागतो आणि तो लागलाच पाहिजे. अधिसूचित टेकाडात स्वतःहून कुदळ घालणे हा गुन्हा आहे, आणि कोणत्याही टेकाडात घातली तरी त्याने नुकसानच होते. पण उघड्या पडलेल्या छेदाचे छायाचित्र घ्यायला कोणाची हरकत नसते, फक्त रानाच्या मालकाला आधी विचारावे. छायाचित्रात मापाची पट्टी किंवा निदान फावड्याचा दांडा असावा, तारीख आणि दिशा लिहिलेली असावी, गट क्रमांक आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपावेत, खालच्या पडलेल्या मातीतली खापरे ज्या भिंतीखाली मिळाली त्या भिंतीच्या क्रमाने वेगळी ठेवावीत आणि धुवून एकत्र करू नयेत. ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आणि जवळच्या विद्यापीठाच्या विभागाकडे, दोन्हीकडे लेखी पाठवावी. माती नेण्याचे काम फाल्गुनानंतर सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडला की कापलेली भिंत ढासळून तिच्यातल्या रेघा बुजतात, म्हणून हे सारे चैत्र-वैशाखातच करावे लागते.